वाचनालयात संगीताचं साहित्य शोधून देताना: आधी काय विचारायचं, मग कुठे बघायचं

कादंबरी मागणारा वाचक आणि गाणं मागणारा वाचक, दोघांनाही आपण काउंटरवर सारखीच वागणूक देतो. नाव ऐकलं, संगणकावर टाकलं, ‘नाही’ असं आलं, आणि वाचक परत गेला. कादंबरीच्या बाबतीत हे चालून जातं, कारण तिथे पुस्तक हीच वस्तू असते. गाण्याच्या बाबतीत शब्द एका पुस्तकात, स्वरलिपी (म्हणजे नोटेशन) दुसऱ्यात, आवाज तबकडीवर आणि माहिती एखाद्या चरित्रात असते. वाचक मात्र या सगळ्याला ‘ते गाणं’ एवढंच म्हणतो.

पुढचे टप्पे सार्वजनिक वाचनालयात काम करणाऱ्यांसाठी आहेत. ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे लहान, वाचनालयांत एकच माणूस पुस्तकं देतो, वर्गणी घेतो आणि वर्तमानपत्रंही लावतो, तिथे या क्रमाचा उपयोग जास्त. संगीत येत नसलं तरी चालतं, पण क्रम मोडू नका. बहुतेक चुका दुसरा टप्पा गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारल्यामुळे होतात.

## तयारी: वाचक येण्याआधी करून ठेवायची कामं

### आपल्याकडचं संगीत कुठे कुठे विखुरलंय ते बघा

ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, संगीत ७८० खाली येतं हे सगळ्यांना पाठ असतं. मात्र १९८९ च्या विसाव्या आवृत्तीत हा वर्ग मुळापासून नव्याने बांधला गेला, हे जुन्या वाचनालयांत फारसं कुणाच्या लक्षात नसतं. आधीच्या आवृत्त्यांत कंठसंगीत ७८४ ला होतं, आता ते ७८२-७८३ ला आहे. तालवाद्यं ७८९ ला होती, ती ७८६.८ आणि ७८६.९ ला आली. त्यामुळे ज्या वाचनालयाने मध्येच नवी आवृत्ती वापरायला घेतली आणि जुन्या पुस्तकांचे वर्गांक तसेच ठेवले, तिथे तबल्याची पुस्तकं दोन फळ्यांवर असतात. नवीन सहायक एक फळी बघतो आणि ‘एवढीच आहेत’ सांगून मोकळा होतो.

शिवाय बरंच संगीत ७८० च्या बाहेरच असतं. संगीत नाटकांच्या संहिता मराठी नाटकांत, म्हणजे ८९१.४६२ ला. संतांच्या गाथा कुठे काव्यात, कुठे धर्माच्या कपाटात. गायकांची चरित्रं ७८०.९२ ला, जुनी ९२७.८ ला, आणि बऱ्याच ठिकाणी सरसकट ‘चरित्र’ असं लिहिलेल्या कपाटात. दिवाळी अंकांतले गायकांवरचे लेख तर कुठल्याच तालिकेत (पुस्तकांच्या नोंदयादीत) नसतात.

एखादी निवांत दुपार काढून या सगळ्या जागा एका कागदावर लिहा आणि तो कागद काउंटरच्या काचेखाली ठेवा.

### राग-सूची बनवा

तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम हे. संगीताची महत्त्वाची पुस्तकं अनेक भागांत असतात आणि तालिकेत नुसतं ‘भाग १ ते ६’ लिहिलेलं असतं. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग आहेत. यमन, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे दहा आश्रयराग (दहा थाटांचे मुख्य राग) दुसऱ्या भागात आहेत. अप्रचलित राग शेवटच्या भागांकडे सापडतात. विनायकराव पटवर्धनांचं ‘राग विज्ञान’ही अनेक भागांचं. हे माहीत नसलं की वाचकाला यमन हवा असतो आणि आपण पहिला भाग त्याच्या हातात ठेवतो.

वहीत चार रकाने पुरतात: राग, पुस्तक, भाग, पान. आपल्याकडे प्रत्यक्ष आहेत तेवढ्याच पुस्तकांच्या अनुक्रमणिका उतरवा. अनुक्रमणिकेचं पान फाटलेलं असेल, आणि संगीताच्या पुस्तकांत ते हमखास फाटलेलं असतं, तर आतली पानं चाळून नोंद करा. ही वही नंतर संगणकात गेली तर उत्तमच, पण त्यासाठी काम अडवून धरू नका.

तपासणी: वही तयार झाल्यावर सहकाऱ्याला ‘मारवा’ शोधायला सांगा. एका मिनिटात तो पुस्तक, भाग आणि पानापर्यंत पोचला नाही, तर वहीची मांडणी बदला.

## टप्पा १: कपाटाकडे जाण्याआधी वाचकाला बोलतं करा

समजा, एक आजी येतात.

‘घेई छंद आहे का हो तुमच्याकडे?’

इथे ‘बघतो’ म्हणून उठायचं नाही.

‘आहे की नाही ते बघूच, काकू. कशासाठी हवंय?’

‘नातीची स्पर्धा आहे. नाट्यगीत म्हणायचंय तिला.’

‘शब्द हवेत, की पेटीवर वाजवायला नोटेशन?’

‘शब्द आहेत हो. बाई म्हणाल्या, नोटेशन बघून बसवू.’

‘बरं. आणि तिने ऐकलंय ते कुणाचं? एकदा म्हणून दाखवता का पहिली ओळ?’

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि त्यात हे पद दोन वेगवेगळ्या चालींत येतं, एक सालगवराळी रागात आणि एक धानी रागात. शब्द तेच. चुकीच्या चालीचं नोटेशन दिलंत तर नात आठवडाभर भलतंच बसवत बसेल. आजींना रागाचं नाव माहीत नसतं, पण चाल गुणगुणता येते. लाजत असतील तर ‘संथ आहे की भरभर?’ असं विचारा.

पहिल्या टप्प्यात एवढं ठरलं पाहिजे की वाचकाला यांपैकी काय हवंय:

- शब्द,
- स्वरलिपी,
- ऐकायला ध्वनिमुद्रण,
- गाण्याबद्दल, रागाबद्दल किंवा कलावंताबद्दल माहिती,
- किंवा गाण्यासाठी नुसत्या साथीचा ट्रॅक.

शेवटच्या प्रकाराची मागणी हल्ली वाढली आहे. तो हवा असेल तर पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीवर ‘सा’ धरायचा ते, विचारून घ्या. ‘काळी एक’ आणि ‘काळी पाच’ यांत गाणाऱ्याच्या दृष्टीने मोठा फरक असतो, आणि चुकीच्या पट्टीचा ट्रॅक काहीच कामाचा नाही. वाचनालयात असे ट्रॅक क्वचितच असतात. तसं लगेच सांगून टाकलं तर वाचकाचाही वेळ वाचतो.

सावध: ‘गीतरामायण आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ हे उत्तर पुरत नाही. माडगूळकरांचं शब्दांचं पुस्तक वेगळं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झालेली ५६ गीतं वेगळी, कारण ती अनेक गायक-गायिकांनी गायली होती. सुधीर फडक्यांनी स्वतः सगळी गायली ते ध्वनिमुद्रण आणखी वेगळं. ‘मी लहानपणी रेडिओवर ऐकलं होतं तेच हवंय’ असं सांगणाऱ्या आजोबांना फडक्यांच्या सीडीचा संच दिला तर ते निराश होऊन परत येतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

## टप्पा २: रचनेची ओळख पटवा

वाचक सांगतो त्या नावात सहसा काहीतरी चुकलेलं असतं. दोष त्याचा नाही, संगीतातली नावंच तशी आहेत. शोध सुरू करण्याआधी नाव पक्कं करा.

माणसं. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७). सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे. कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली. तालिकेत कोण कुठल्या नावाखाली नोंदलं आहे याचा भरवसा नसतो, म्हणून दोन्ही नावांनी शोधा. ‘पलुसकर’ म्हटल्यावरही थांबा. विष्णु दिगंबर हे गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक-शिक्षक, १९३१ साली गेले. रेकॉर्डवर ऐकू येणारे पलुसकर म्हणजे बहुधा त्यांचे चिरंजीव दत्तात्रय विष्णु. आणि ‘विष्णुबुवांचं पुस्तक’ मागणाऱ्याच्या मनात पलुसकर नसून विष्णु नारायण भातखंडेच असतात, हेही नेहमीचंच.

बंदिशींतल्या मुद्रा. बंदिशीत रचनाकाराचं नाव गुंफलेलं असतं आणि वाचक ते अर्थाचा भाग समजतो. ‘चतुर’ आलं तर रचना भातखंड्यांची असण्याची शक्यता मोठी. ‘प्रेमपिया’ म्हणजे फैयाज खाँ, ‘गुनिदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, ‘रामरंग’ म्हणजे रामाश्रय झा, ‘सुजन’ म्हणजे श्रीकृष्ण रातंजनकर. मुद्रा कळली की कुणाचा संग्रह उघडायचा ते कळतं. रातंजनकरांचं पुस्तक ‘अभिनव गीतमंजरी’ आणि झांचं ‘अभिनव गीतांजली’. ही दोन नावं इतकी जवळची आहेत की फोनवर मागवताना हमखास चुकीचं पुस्तक येतं. लेखकाचं नाव घेतल्याशिवाय मागणी नोंदवू नका.

अभंग. इथेही शेवटचं चरण विचारा. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ सगळ्यांना ओळखू येतं. ‘एका जनार्दनी’ म्हणजे एकनाथ, हे अनेकांना ठाऊक असतं. ‘बापरखुमादेवीवरु’ म्हणजे ज्ञानेश्वर, हे मात्र नवीन वाचकाला माहीत नसतं आणि तो भलत्याच गाथेत शोधत बसतो. गाथेच्या मागची सूची अभंगाच्या पहिल्या ओळीवरून लावलेली असते. गाणारा मात्र ध्रुवपदाची ओळ घोळवतो आणि वाचकाच्या कानात तीच राहते. सूचीत ओळ सापडली नाही तर अभंगच नाही असं समजू नका. वाचकाला आणखी दोन ओळी आठवायला सांगा आणि त्यातली प्रत्येक ओळ सूचीत बघा.

नाट्यपदं. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ अशी ओळ असते, कुठे राग-तालही दिलेला असतो. ही ओळ वगळू नका. त्या काळात बरीच पदं लोकांच्या ओठांवर असलेल्या एखाद्या चिजेच्या (बंदिशीच्या) किंवा पदाच्या चालीवर बांधलेली असत. पदाचं नोटेशन मिळालं नाही, तरी मूळ चिजेचं मिळू शकतं.

रागांची नावं. मालकंस आणि मालकौंस, बिहाग आणि बेहाग, जौनपुरी आणि जीवनपुरी, वृंदावनी आणि बृंदावनी. संगणकात पूर्ण नाव टाकण्याऐवजी सगळ्या रूपांत समान असलेला तुकडा टाका. ‘मालक’ एवढंच टाकलं तर दोन्ही रूपं येतात. ‘भूप’ टाकलं की भूप आणि भूपाली येतील, आणि त्यांच्यासोबत सकाळी देवाला जागवायच्या भूपाळ्याही येतील. त्या वेगळ्या काढाव्या लागतात, पण निकाल थोडे जास्त आलेले बरे. दक्षिणेकडचं संगीत शिकणारा वाचक असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. कर्नाटक संगीतातली तोडी आपल्याकडच्या भैरवीच्या जवळची आहे, आपली तोडी नव्हे. त्याला आपलं तोडीचं पुस्तक दिलं तर पहिल्याच पानावर तो गोंधळेल.

तपासणी: टप्पा संपला तेव्हा चिठ्ठीवर एवढं लिहिलेलं हवं: पहिली ओळ, रचनाकार किंवा संत, राग (माहीत असल्यास), कुणी गायलेलं, आणि हवंय ते काय. यातली दोन घरं रिकामी असतील तर अजून एक प्रश्न विचारा.

## टप्पा ३: आपल्या कपाटात शोधा

आता उठायचं. आधी राग-सूची, मग तालिका, मग फळी, या क्रमाने. वर्गांकाच्या दोन्ही जागा बघा, जुनी आणि नवी. नाट्यपद असेल तर नाटकांच्या कपाटात संहिता बघा, कारण शब्दांच्या बाबतीत गायनाच्या पुस्तकांपेक्षा संहिता जास्त विश्वासाची. गाणाऱ्यांच्या पुस्तकांत शब्द ऐकीव असतात आणि चुका पिढ्यानपिढ्या चालत येतात.

पुस्तक हातात आल्यावर ते पान खरंच आहे का ते बघा. संगीताच्या पुस्तकांतली लोकप्रिय रागांची पानं ब्लेडने कापून नेलेली आढळतात. वाचक घरी जाऊन हे बघणार आणि पुन्हा यायला लागणार, त्यापेक्षा काउंटरवरच उघडून दाखवा.

## टप्पा ४: नोटेशन देताना पद्धत ओळखा

या टप्प्यावर चुकलेलं लगेच कळत नाही. वाचक घरी जाऊन आठवडाभर रियाज करतो आणि मग गुरूंपुढे चूक उघडी पडते.

हिंदुस्थानी संगीतात दोन स्वरलेखन पद्धती रूढ आहेत, भातखंड्यांची आणि पलुसकरांची. आज सर्रास दिसते ती भातखंडे पद्धती, पण जुन्या पुस्तकांत पलुसकर पद्धतीही भेटते, आणि दोन्हींत काही खुणा सारख्या असूनही अर्थ वेगळे आहेत.

भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार (वरच्या) सप्तकातला, खाली टिंब असेल तर मंद्र (खालच्या) सप्तकातला. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं असतं, आणि तारासाठी डोक्यावर उभी रेघ असते. म्हणजे एकच टिंब, एकाच जागी, आणि अर्थ अगदी उलटा.

कोमल स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुसकर पद्धतीत हलन्तासारखी खूण असते. तालाच्या खुणांत तर जास्तच घोळ. भातखंड्यांकडे समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि ‘खाली’ला (तालातल्या बिनटाळीच्या जागेला) ०. पलुसकर पद्धतीत समेला १ आणि खालीला +. आणि पलुसकर पद्धतीत स्वराखाली ० दिसलं तर ती तालातली ‘खाली’ नव्हे, अर्धी मात्रा.

संगीत येत नसलेल्या माणसालाही ही ओळख पटवता येते. पुस्तकाच्या सुरुवातीला ‘स्वरलिपीची चिन्हं’ असं एक पान असतंच. ते वाचकाला दाखवा आणि सांगा, ‘हे पान आधी वाचा, तुमच्या बाईंच्या पुस्तकाशी जुळतंय का बघा.’ झेरॉक्स काढणार असाल तर या पानाचीही काढा. नुसतं बंदिशीचं पान दिलं तर अर्धीच वस्तू दिल्यासारखं होतं.

हार्मोनियम किंवा कीबोर्ड वाजवणारा ‘कीबोर्डचं नोटेशन’ मागतो, तेव्हा त्याला सारेगममध्ये लिहिलेलं हवं की स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य नोटेशन), ते विचारा. सारेगममध्ये ‘सा’ कुठल्याही पट्टीवर धरता येतो, स्टाफमध्ये पट्टी ठरलेली असते. पाश्चात्त्य परीक्षा देणाऱ्या मुलांना स्टाफच लागतं आणि तेही नेमून दिलेल्या आवृत्तीचं. गोव्यातल्या वाचनालयांत हा प्रश्न रोजचा आहे. तिथे मांडो (कोंकणी गीतप्रकार) मागणाऱ्याला बऱ्याचदा रोमी लिपीतले कोंकणी शब्द आणि स्टाफ नोटेशन असं दोन्ही लागतं, म्हणून शोधताना रोमी लिपीतली स्पेलिंगंही दोन-तीन प्रकारे करून बघा.

सावध: ‘सोपं करून लिहिलेलं’ नोटेशन शब्दांच्या मात्रा सोडून देतं. शिकाऊ वाचकाला ते आवडतं आणि शिक्षकांना चालत नाही. कुणासाठी हवंय ते पहिल्या टप्प्यात विचारलं होतं, ते आता कामाला येतं.

## टप्पा ५: ध्वनिमुद्रण

आपल्याकडे जुन्या तबकड्या किंवा कॅसेट असतील तर त्या वाचकाला घरी देऊ नका. ७८ गतीची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी एलपीच्या, म्हणजे नंतरच्या कमी गतीच्या तबकडीच्या, सुईने वाजवायची नसते. तिची चर रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. वर्षानुवर्षं न वाजवलेली कॅसेट थेट प्लेअरमध्ये टाकू नका. आतली स्पंजची पट्टी गळून पडलेली असते आणि टेप गुंडाळी होऊन अडकते. आधी उघड्या डोळ्यांनी बघा, हाताने थोडी फिरवा.

नोंद करताना तबकडीच्या कागदी लेबलवरचा क्रमांक लिहाच, पण लेबलच्या कडेला चकतीत कोरलेला क्रमांकही लिहा. लेबल झिजतं, फाटतं, क्वचित चुकीचंही लागलेलं असतं. कोरलेला क्रमांक शोधाला पक्का आधार देतो. ७८ गतीच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. म्हणून ‘रेकॉर्डवर अर्धंच आहे’ ही वाचकाची तक्रार खरी असली, तरी तो तबकडीचा दोष नसतो. गाणं तेवढंच गायलं गेलं.

इंटरनेटवर ऐकवताना मथळ्यावर विश्वास ठेवू नका. चित्रफीत चढवणाऱ्याने राग, गायक, वर्ष यांपैकी काहीही चुकवलेलं असतं. मराठी भावगीत, चित्रपटगीत आणि नाट्यगीत यांसाठी ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर शब्द, गीतकार, संगीतकार आणि गायक एकत्र मिळतात. तिथे पडताळून मगच ऐकवा. हिंदी चित्रपटगीतांसाठी हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ दशकांप्रमाणे खंडांत आहे. कुठल्या चित्रपटातलं, कोणत्या साली, कुणी गायलं यावर दोन वाचकांची पैज लागली की तो उघडावा आणि आपण बाजूला व्हावं.

## टप्पा ६: परीक्षेचा वाचक

हा वाचक वेगळा हाताळायचा, कारण त्याच्याकडे तारीख असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार. प्रवेशिकेपासून पुढे प्रत्येकाची प्रथम आणि पूर्ण अशी दोन वर्षं. ‘मध्यमाचं पुस्तक’ म्हणजे कुठल्या मध्यमाचं, ते विचारा.

दुसरा प्रश्न: कुठल्या संस्थेची परीक्षा? प्रयाग संगीत समितीच्या पदव्या आणि अभ्यासक्रम वेगळे आहेत, लखनौच्या भातखंडे संस्थेचे वेगळे. तिसरा: अभ्यासक्रम कुठल्या वर्षीचा? तो बदलत राहतो आणि आपल्या कपाटातली मार्गदर्शिका जुनी असते. वाचकाला संस्थेचा सध्याचा छापील किंवा संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम आणायला सांगा आणि त्यातल्या रागांची नावं आपल्या राग-सूचीशी ताडून बघा. नव्या मार्गदर्शिकेची वाट बघण्यापेक्षा असं केलं की जुन्या पुस्तकांतूनच निम्मं काम भागतं.

सावध: ‘संगीत विशारद’ ही पदवी आहे आणि त्याच नावाचं एक पुस्तकही आहे, हाथरसच्या संगीत कार्यालयाचं, हिंदीत. हे कार्यालय हास्यकवी काका हाथरसींनी काढलेलं. वाचक ‘संगीत विशारद द्या’ म्हणाला की त्याला पदवीचा अभ्यासक्रम हवाय की ते पुस्तक, हे विचारूनच घ्या.

लेखी परीक्षेत व्याख्या, घराणी, वाद्यांची माहिती विचारतात. त्यासाठी मराठी विश्वकोशातल्या नोंदी फुकट आणि नीट संपादित केलेल्या आहेत. मंडळाचं ‘संगीत कला विहार’ हे मासिक आपल्याकडे येत असेल तर त्याचे जुने अंक रद्दीत घालू नका. निबंधाच्या प्रश्नांना त्यांतूनच साहित्य मिळतं.

## टप्पा ७: झेरॉक्स आणि हक्क

इथे दोन टोकं दिसतात. काही ठिकाणी अख्खं पुस्तक झेरॉक्सला जातं, काही ठिकाणी एका पानालाही ‘कॉपीराइट आहे’ म्हणून नकार मिळतो.

१९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि तो पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. भातखंडे १९३६ साली गेले, म्हणून त्यांच्या स्वतःच्या लेखनावरचा हक्क १९९६ अखेर संपला. ‘मानापमान’ (१९११) घ्या. नाटककार खाडिलकर १९४८ ला गेले आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ ला, म्हणजे शब्द आणि चाली दोन्ही मोकळे. पण त्या पदांचं नोटेशन कुणी अलीकडे स्वतः लिहून पुस्तक काढलं असेल, तर त्या पुस्तकावर त्याचा हक्क आहे. गीतरामायणाच्या शब्दांवरचा हक्क अजून शिल्लक आहे, कारण माडगूळकर १९७७ साली गेले. ध्वनिमुद्रणाचा हिशेब वेगळा: प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर ६० वर्षं.

हक्क शिल्लक असला तरी वैयक्तिक अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी रास्त प्रमाणात प्रत काढायला कायद्याची मुभा आहे. दोन-चार बंदिशींची पानं त्यात बसतात, सगळे भाग बसत नाहीत. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती वाचनालयाला स्वतःच्या वापरासाठी काढता येतात, आणि कायद्याच्या त्या कलमात स्वरलिपीच्या पानांचाही स्पष्ट उल्लेख आहे. फाटकी, दुर्मिळ पुस्तकं टिकवायला ही तरतूद उपयोगी पडते.

कार्यक्रमात गायची परवानगी हा आपला विषय नाही. एखाद्या उत्सव मंडळाचे कार्यकर्ते विचारायला आले तर त्यांना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे पाठवा, आपण मत देऊ नका.

## टप्पा ८: आपल्याकडे नाही, तर कुठे

‘नाही’ हा शब्द एकटा द्यायचा नाही, त्याच्यासोबत एक पत्ता द्यायचा.

छापील पुस्तकासाठी आधी जिल्हा ग्रंथालय, मग दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी पुस्तकं द्यायच्या ठिकाणांत हे मध्यवर्ती ग्रंथालयही आहे, म्हणून प्रकाशित झालेलं पुस्तक तिथे असण्याची शक्यता बरी. गोव्यात पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. जुन्या, हक्क संपलेल्या पुस्तकांचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात, पण त्यात मधलीच पानं गळालेली असतात. आपल्याला हवं ते पान आहे का हे बघूनच दुवा द्या.

दुर्मिळ ध्वनिमुद्रणासाठी मुंबईचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), दिल्लीची संगीत नाटक अकादमी, कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकॅडमी आणि गुरुग्रामचं अर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथनोम्युझिकॉलॉजी. अशा संग्रहांत बहुधा तिथे बसून ऐकायला मिळतं, प्रत घरी नेता येत नाही. वाचक तिकीट काढून गाडीत बसण्याआधी हे त्याला सांगा आणि तिथे आधी पत्र किंवा ईमेल पाठवायला लावा. त्यात दुसऱ्या टप्प्यातल्या चिठ्ठीवरचे सगळे तपशील हवेत. ‘भैरवीचं जुनं रेकॉर्डिंग’ एवढंच लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही.

पुण्यात जवळ असाल तर भारत गायन समाज आणि गांधर्व महाविद्यालय इथल्या शिक्षकांशी ओळख ठेवा. बऱ्याच चिजा छापल्याच गेलेल्या नाहीत, त्या फक्त गळ्यात आहेत. वाचकाला पुस्तक न देता चांगल्या शिक्षकाचा पत्ता दिला, तर तेही आपल्या कामातच मोडतं. मात्र कुणाचा खाजगी फोन नंबर त्याला न विचारता देऊ नका.

## वाचक गेल्यावर

चिठ्ठी फेकू नका. राग-सूचीच्या वहीत मागे दहा-वीस पानं कोरी ठेवा आणि तिथे प्रश्न, सापडलेली जागा आणि न सापडल्यास कुठे पाठवलं ते लिहा. गणेशोत्सव, नाट्यसंगीत स्पर्धा आणि परीक्षांचे मोसम दरवर्षी तेच असतात, आणि प्रश्नही फारसे बदलत नाहीत. पुढच्या पुस्तक खरेदीच्या यादीला याच वहीतली ‘नाही’ची पानं जोडा. समितीपुढे ‘संगीताची पुस्तकं घ्यावीत’ असं मोघम म्हणण्यापेक्षा, अमुक पुस्तकाचा चौथा भाग इतक्या जणांनी मागितला हे दाखवलं की मंजुरी लवकर मिळते.